‘संपर्क तुटला’ असे स्कॅनर म्हणतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून एक तक्रार वरचेवर दिसते. डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागतात, गाडीतील दोष वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, ‘यू’ अक्षराने सुरू होणारे कोड दाखवतो आणि गॅरेजमधून एखादे महागडे कंट्रोल युनिट (गाडीचा एकेक विभाग सांभाळणारा छोटा संगणक) बदलण्याचा सल्ला मिळतो. ‘यू’चे हे कोड गाडीतील युनिटांच्या आपसांतील संपर्काविषयीचे असतात. त्या संदर्भातील निवडक पत्रे, थोडी संक्षिप्त करून, येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे बीएस-६ डिझेल गाडी आहे. पावसाळ्यात कसारा घाट उतरत असताना वेगाचा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा असे दोन्ही काटे एकाएकी शून्यावर आले आणि एबीएस, स्टिअरिंग व एअरबॅग यांचे दिवे लागले. इंजिन मात्र चालूच राहिले. थोड्या वेळाने सारे आपोआप पूर्ववत झाले, पण पावसात असे अधूनमधून होतच असते. स्कॅनरवर एबीएसच्या युनिटमध्ये यू०१०० आणि दारे-दिवे सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल युनिटमध्ये यू०१०० व यू०१२१ असे कोड निघाले. इंजिनाचे कंट्रोल युनिट बदलावे लागेल, असे सर्व्हिस सेंटरचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात करू नये. ‘इंजिन मात्र चालूच राहिले’ या आपल्या एका वाक्यात निम्मे निदान आहे, परंतु ते उलगडण्यासाठी ही युनिटे एकमेकांशी कशी बोलतात हे आधी पाहावे लागेल.

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, मीटर, दारे आणि दिवे अशा प्रत्येक विभागाला स्वतंत्र युनिट असते, आणि एकाजवळची माहिती दुसऱ्याला लागते. चाकांचा वेग एबीएस मोजतो, पण काट्यावर तो मीटर दाखवतो. इंजिनाच्या फेऱ्या इंजिनाचे युनिट मोजते, पण त्या मीटरलाही हव्या असतात आणि गाडी घसरू नये म्हणून ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएसलाही. प्रत्येक माहितीसाठी निराळी तार ओढायची तर तारांचा भारा गाडीत मावणार नाही. या अडचणीवर बॉश कंपनीने १९८३ पासून ‘कॅन’ ही पद्धत विकसित केली, १९८६ साली डेट्रॉइट येथे ती जाहीर केली, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी मर्सिडीजच्या एस-क्लाससारख्या महागड्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. आज ती साध्या हॅचबॅकमध्येही असते.

कॅनमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारा असतात, कॅन-हाय आणि कॅन-लो. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही तारा सुमारे २.५ व्होल्टवर असतात. एखादे युनिट बोलू लागले की कॅन-हाय साधारण ३.५ व्होल्टपर्यंत चढते आणि कॅन-लो १.५ व्होल्टपर्यंत उतरते. ऐकणारी युनिटे या दोहोंमधील फरक तेवढा पाहतात, त्यामुळे इग्निशन कॉइल किंवा अल्टरनेटर यांच्यामुळे दोन्ही तारांत सारखाच शिरलेला विद्युत गोंगाट आपोआप रद्द होतो. सर्व युनिटे याच जोडीवर टांगलेली असल्यामुळे सोय मोठी झाली, पण जोडीत कोठेही शॉर्ट झाला तर सगळ्यांचेच बोलणे बंद पडते. तोटा असेल तर तो हाच.

आता कोड पाहू. यू०१०० म्हणजे ‘इंजिनाच्या युनिटकडून संदेश आले नाहीत’ आणि यू०१२१ म्हणजे ‘एबीएसकडून संदेश आले नाहीत’. ही साक्षीदाराची जबानी आहे, आरोपीची कबुली नव्हे. कोड ज्या युनिटमध्ये नोंदला गेला ते युनिट आपल्याला काय ऐकू आले नाही एवढेच सांगते. बोलणारा गप्प बसला, त्याचा आवाज वाटेत अडला की सगळीकडेच गोंगाट माजला, हे ते सांगू शकत नाही. म्हणून कोड कोणता याइतकेच तो कोणाच्या स्मृतीत आहे हेही लिहून घ्यावे लागते. सर्व युनिटे एकाच युनिटाविषयी तक्रार करीत असतील तर संशय त्या एका युनिटाकडे, त्याच्या पुरवठ्याकडे किंवा मुख्य जोडीतून त्याच्याकडे जाणाऱ्या तारांच्या फाट्याकडे वळतो. प्रत्येक जण प्रत्येकाविषयी तक्रार करीत असेल तर संशय मुख्य जोडीवर जातो.

आपल्या गाडीत दुसरा प्रकार दिसतो. इंजिन चालू राहिले, याचा अर्थ त्याच्या युनिटला विजेचा पुरवठा होता, त्याचा ‘अर्थ’ (गाडीच्या धातूच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी) ठीक होता आणि ते आपले काम करीत होते. फक्त फेऱ्यांचा काटा पडला असता तर इंजिनाच्या फाट्याकडे बोट दाखवता आले असते. परंतु वेगाचा काटाही पडला, आणि त्याची माहिती एबीएसकडून येते. दोन्ही काटे पडण्याचे कारण मीटरचा स्वतःचा फाटा हे असू शकले असते, पण एबीएसनेही इंजिनाची आणि बॉडी युनिटने दोघांचीही तक्रार केली आहे, म्हणून मीटर संशयातून सुटतो. उरते ती सर्वांची सामाईक जोडी. पाऊस पडला की दोष उद्भवतो आणि सुकले की जातो, हे ध्यानात घेता एखाद्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा तारांच्या जोडावर पाणी शिरत असण्याची शक्यता मला सर्वांत मोठी वाटते.

‘मग थोड्या वेळाने आपोआप कसे सुरू झाले?’ असे आपण विचाराल. कॅनवरील प्रत्येक युनिट स्वतःच्या चुका मोजत असते. पाठवलेला संदेश बिघडला की मोजणी आठने वाढते आणि संदेश नीट गेला की एकने उतरते. मोजणी १२७ च्या पुढे गेली की युनिट दबक्या आवाजात वागू लागते, आणि २५५ च्या पुढे गेली की ते जाळ्यातून स्वतःला बाजूला काढते. लागोपाठ ३२ संदेश बिघडले तरी ही वेळ येते, आणि त्याला सेकंदाचा अल्पसा भागही पुरतो. पुढे तारा पूर्ववत झाल्या की युनिट पुन्हा जाळ्यात येते. हा सारा खेळ ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणेच चालतो, त्यामुळे त्यावरून युनिट खराब आहे असे ठरत नाही.

इंजिनाचे युनिट पूर्ण निर्दोष आहे असेही मी येथून लिहू शकत नाही, कारण त्याच्या आतील संदेश पाठवणारा भाग बिघडला तर तोही सगळी जोडी दाबून टाकू शकतो. त्याची परीक्षा मात्र फुकटात होते. दोष चालू असताना इग्निशन बंद करून इंजिनाच्या युनिटचा कपलर काढावा, पुन्हा इग्निशन द्यावे आणि बाकीची युनिटे स्कॅनरला उत्तर देऊ लागतात का ते पाहावे. उत्तर देऊ लागली तर संशय त्या युनिटावर किंवा त्याच्या फाट्यावर येतो. नाही दिले तर नवीन युनिट घालूनही आपली गाडी पुढच्या पावसात तशीच वागेल. ही परीक्षा केली का आणि तिचा निकाल काय लागला, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागावे. पुढच्या काचेखालील वायपरची जाळी, तिचा पाण्याचा निचरा आणि त्याखालून जाणारे हार्नेस (तारांचा जुडगा), तसेच चालकाच्या पायाशी गालिच्याखाली असलेले जोड, ही पाणी शिरण्याची नेहमीची ठिकाणे आहेत, तीही उघडून पाहावीत.

प्रश्न : मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. माझ्याकडे चांगला मल्टिमीटर आणि साधा स्कॅनर आहे. कॅनच्या दोन तारांत ६० ओहम मिळाले पाहिजेत असे ऐकून मी तपासतो. परवा एका गाडीत बरोबर ६० मिळाले, तरी गिअरबॉक्सचे युनिट स्कॅनरवर येत नव्हते. मोजण्यात काही चूक होते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपले मोजमाप बरोबर असावे, पण ६० ओहमचा अर्थ आपण समजता त्याहून मर्यादित आहे.

मुख्य जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. संदेश तारेच्या टोकावर आदळून माघारी फिरू नये, एवढ्यासाठी तो बसवलेला असतो. दोन रोध समांतर जोडीत आले की ६० ओहम मिळतात. १२० मिळाले तर एका टोकाचा रोध जाळ्यातून सुटला आहे किंवा जोडी मध्येच तुटली आहे. ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा १२० ओहमचा रोध आणून जोडला आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मोजण्यापूर्वी बॅटरीचे टर्मिनल काढून काही मिनिटे थांबणे आवश्यक आहे, नाहीतर जागी असलेली युनिटे तारांवर दाब ठेवतात आणि मीटर भलतेच आकडे दाखवतो.

गिअरबॉक्सचे युनिट बहुतेक गाड्यांत जोडीच्या टोकाला नसून मधल्या फाट्यावर असते. तो फाटा पूर्ण तुटला तरी दोन टोकांचे रोध जागच्या जागी राहतात आणि मीटर खुशाल ६० दाखवतो. कॅन-हाय आणि कॅन-लो यांची अदलाबदल झाली तरीही ६० च येतात; हार्नेस दुरुस्त करून आलेल्या गाड्यांत ही अदलाबदल पाहायला मिळते. आणखी एक भानगड म्हणजे गेटवे, म्हणजे निरनिराळ्या जाळ्यांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करणारे युनिट. पुष्कळ नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावण्याच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिना गेटवे युनिटापर्यंतच जातात आणि इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांची जाळी त्याच्या पलीकडे वेगवेगळी असतात. अशा गाडीत सॉकेटवर मिळालेला आकडा अलीकडच्या लहान तुकड्यापुरताच खरा असतो. म्हणून गाडीचा वायरिंग आराखडा मिळवून, जे युनिट गप्प आहे त्याच्याच कपलरवर, हार्नेसच्या बाजूने मोजावे. तेथे ६० मिळाले तर तारा शाबूत आहेत. तेथे काहीच मिळाले नाही तर फाटा तुटला आहे.

परंतु त्याच्याही आधी त्या युनिटचा पुरवठा आणि अर्थ तपासावा. गप्प बसलेल्या युनिटांमध्ये उपाशी युनिटांची संख्या मोठी असते, हे आपण रोजच्या कामात पाहत असालच. येथे मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. केसभर तार शिल्लक असलेल्या वायरीतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः विद्युतप्रवाह जवळजवळ घेतच नाही. कपलर काढून पुरवठा आणि अर्थ यांच्या पिनांमध्ये पार्किंगच्या दिव्याएवढा बल्ब लावावा, आणि तो पूर्ण प्रकाशाने जळत असताना व्होल्टेज मोजावे. हाच बल्ब कॅनच्या तारांना मात्र चुकूनही लावू नये.

मल्टिमीटरने आणखी एक उपयोगी मापन होते. बॅटरी जोडून, इग्निशन चालू ठेवून कॅन-हाय आणि अर्थ यांच्यात मोजले तर साधारण २.६ ते २.७ व्होल्ट, आणि कॅन-लो व अर्थ यांच्यात २.३ ते २.४ व्होल्ट दिसतात. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ३.५ किंवा १.५ कधीच दिसत नाहीत. दोन्ही आकड्यांची बेरीज ५ च्या जवळ असावी. दोन्ही तारांवर अगदी २.५ दिसत असतील तर एक तर कोणी बोलत नाही, नाहीतर दोन तारा एकमेकींना भिडल्या आहेत. दोन्ही शून्याकडे झुकत असतील तर कॅन-हाय बॉडीला लागल्याचा संशय घ्यावा. शॉर्ट नक्की आहे पण जागा सापडत नाही, अशा वेळी बॅटरी काढून, मीटर ओहमवर लावून ठेवावा आणि युनिटांचे कपलर एकेक करून काढत जावे; ज्या कपलरला आकडा एकदम उसळतो त्याच्या पलीकडे दोष आहे. काही गाड्यांत एकाच ठिकाणी सर्व फाटे एकत्र आणणारा जोड-कपलर असतो. तो सापडला तर अर्धा दिवस वाचतो.

प्रश्न : ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथचे छोटे यंत्र कायम लावून ठेवले तर चालेल का? आणि ‘यू’चे कोड पुसून टाकले की दोष जातो का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कायम लावून ठेवू नये. ते यंत्रही त्या जोडीवरील एक बोलणारे घटकच असते. स्वस्त यंत्रे गाडीचे जाळे रात्री झोपू देत नाहीत आणि कधी कधी चुकीच्या वेळी प्रश्न विचारून गोंधळ घालतात. पाहायचे तेव्हा लावावे आणि पाहून झाले की काढून ठेवावे. कोड पुसण्याविषयी सांगायचे तर आधी ते लिहून घ्यावेत, मग पुसावेत आणि गाडी चालवून कोणते परत येतात ते पाहावे. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत सेल्फ मारला असेल तर युनिटे क्षणभर बंद पडून ‘यू’चे दहा-बारा जुने कोड मागे सोडतात, आणि तसे कोड परत येत नाहीत. कोड परत आला तर तो पुसून दोष जात नाही.

प्रश्न : आमचे घर खाडीजवळ आहे. गाडीच्या एका कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि लगतच उंदराने कॅनच्या दोन्ही तारा कुरतडल्या होत्या. स्थानिक फिटरने पिना घासून, तारा पिळून, वर टेप गुंडाळून दिली. महिनाभर ठीक चालले, आता पुन्हा दिवे लागतात. पूर्ण हार्नेस बदलावे लागेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पूर्ण हार्नेस बदलण्याची गरज बहुधा नाही, पण झालेली दुरुस्ती पुन्हा करावी लागेल. हिरवी पडलेली पिन घासली की तिच्यावरील कथिलाचा किंवा सोन्याचा मुलामा निघून जातो, आतले तांबे उघडे पडते आणि खारट हवेत ते पहिल्यापेक्षा लवकर गंजते. अशी पिन बदलूनच टाकावी. कपलरच्या पिना सुट्या मिळतात आणि योग्य क्रिम्पिंग पकडीने (दाबून घट्ट करणाऱ्या पकडीने) बसवता येतात. हिरवा थर तारेच्या वेष्टनाखालीही वर चढलेला असतो. तार सोलून, तांबे चकचकीत दिसेपर्यंत मागे कापावी आणि मगच जोड द्यावा.

कॅनच्या तारा जोडताना काही पथ्ये पाळावी लागतात. दोन तारांचे जोड एकासमोर एक येऊ न देता थोडे मागे-पुढे घ्यावेत. तारांचा पीळ जोडाच्या जागी जेमतेम दीड-दोन इंच सुटा राहावा आणि पुढे पूर्ववत पिळला जावा, कारण पीळ मोकळा झालेल्या भागात बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखा शिरत नाही. क्रिम्प करून त्यावर आत गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी बसवावी. नुसत्या टेपखाली कोकणातल्या हवेत पाणी साचून राहते. तुटलेल्या भागाला वळसा घालून दुसरीकडून सुटी साधी वायर ओढण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी अवलंबतात, तो कॅनसाठी करू नये. कपलरमधील रबरी सीलही पाहावे; ते फाटले असेल तर नव्या पिनाही पुढच्या पावसाळ्यापर्यंत हिरव्या होतील.

प्रश्न : माझे ऊस वाहतुकीचे बीएस-६ ट्रक आहेत. गळीत हंगामाआधी एका ट्रकच्या हौद्याला वेल्डिंग केले आणि त्याच सुमारास जीपीएस यंत्रही बसवले. तेव्हापासून इंजिनाची ताकद अचानक कमी होते आणि युरियाचा दिवा लागतो. युरिया भरलेला आहे. टाकी धुऊन झाली, युरिया बदलून झाला. स्कॅनर नायट्रोजन ऑक्साइडच्या सेन्सरशी संपर्क नाही असे म्हणतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या ट्रकच्या धुराड्यात बसवलेला नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर साध्या तापमापक सेन्सरसारखा नुसते व्होल्टेज देणारा नसतो. त्याच्या तारेला जोडलेल्या डबीत छोटे संगणक असते आणि ते कॅनवरून इंजिनाच्या युनिटशी बोलते. ते गप्प झाले की इंजिनाला धूर किती स्वच्छ होतो आहे हे समजत नाही, आणि प्रदूषणाच्या नियमांनुसार ठरलेल्या टप्प्यांनी इंजिनाची ताकद कमी केली जाते. म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाचा दिवा लागला तरी दोष युरियात असतोच असे नाही. टाकी धुण्यात गेलेला वेळ आणि पैसा वाचला असता, कारण स्कॅनरने सांगितलेले ‘संपर्क नाही’ हे शब्द ‘मोजमाप चुकीचे’ यापेक्षा निराळे आहेत आणि दोहोंचा शोध निराळ्या दिशेने घ्यायचा असतो.

प्रथम जीपीएस यंत्र पूर्ण सोडवावे. नुसता फ्यूज न काढता कॅनच्या तारांना दिलेले त्याचे जोडही काढावेत. ही यंत्रे बसवणारे कारागीर बहुधा तारेचे वेष्टन कापून त्यावर दुसरी तार गुंडाळतात, आणि यंत्राच्या आत १२० ओहमचा रोध असेल तर जाळ्यात तिसरा रोध येतो. अवजड वाहनांची जे१९३९ ही पद्धत कॅनवरच उभी आहे आणि ती बहुधा सेकंदाला २५० किलोबिट या गतीने चालते. ज्या ट्रकांत गोल, नऊ पिनांचे तपासणी सॉकेट असते त्यात ‘सी’ पिनेवर कॅन-हाय आणि ‘डी’ पिनेवर कॅन-लो मिळते. बॅटरी तोडून तेथे मोजावे. ४० ओहम आले तर कारण हाती आले. मात्र धुराच्या शुद्धीकरणाची व्यवस्था काही ट्रकांत वेगळ्या कॅन जोडीवर असते, त्यामुळे सॉकेटवर ६० आले तरी सेन्सरच्या कपलरवर पुन्हा मोजावे, आणि तेथील २४ व्होल्टचा पुरवठा व अर्थही भार देऊन तपासावेत. सेन्सरची तार तापलेल्या धुराड्याला टेकून वितळलेली नाही ना, हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

आता वेल्डिंगविषयी. वेल्डिंगचा प्रवाह शेकडो अँपिअरचा असतो आणि तो परत जाताना चेसिसमधून मिळेल ती वाट धरतो. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून लांब लावला असेल तर ती वाट एखाद्या युनिटच्या अर्थमधून जाऊ शकते. म्हणून वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनले काढणे, इंजिनाच्या व इतर युनिटांचे कपलर सोडवणे आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावणे, ही तीनही कामे व्हायलाच हवीत. ती झाली होती का, हे वेल्डरला विचारावे. झाली नसतील आणि वरील सर्व तपासण्या ठीक आल्या, तर सेन्सर त्याच्या डबीसह खरोखरच जळालेला असू शकतो, आणि मग तो बदलण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : मी ऑटोमोबाइल डिप्लोमाचा विद्यार्थी आहे. ऑसिलोस्कोपवर कॅनचे दोष कसे ओळखायचे? आणि गाड्यांत आता इथरनेट येत आहे, तर कॅन शिकून उपयोग होईल का?
— एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : उपयोग होईल, आणि पुष्कळ वर्षे होईल. इथरनेट कॅमेरे, पडदे आणि रडार यांच्या भरमसाट माहितीसाठी येत आहे; पिळलेल्या एकाच जोडीवरून ते सेकंदाला १०० मेगाबिट आणि त्याहून अधिक माहिती वाहते. ब्रेक, इंजिन आणि दारे यांना एवढ्या गतीची गरज नाही. त्यांच्यासाठी बॉशने २०१२ साली आणलेले कॅन-एफडी पसरत आहे, ज्यात एका संदेशात आठऐवजी ६४ बाइटपर्यंत माहिती मावते. काचांची बटणे, पावसाचा सेन्सर, आरसे अशा किरकोळ कामांना लिन ही एकाच तारेची, सेकंदाला जास्तीत जास्त २० किलोबिट वेगाची, १२ व्होल्टवर चालणारी पद्धत असते. लिनवर एक मुख्य युनिट विचारते आणि बाकीचे उत्तर देतात. म्हणून एका दाराचे बटण गप्प झाले तर एकच काच अडते, पण मुख्य युनिट गेले तर त्या तारेवरचे सगळेच थांबते.

ऑसिलोस्कोप म्हणजे व्होल्टेजचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारे यंत्र. त्याची एक वाहिनी कॅन-हायला आणि दुसरी कॅन-लोला लावावी, दोन्हींचे शून्य एकाच रेषेवर ठेवावे आणि काळाचे माप असे निवडावे की प्रत्येक बिट सुटा दिसेल. ५०० किलोबिटच्या जाळ्यात एक बिट दोन मायक्रोसेकंदांचा असतो. निरोगी चित्रात वरची रेषा २.५ वरून ३.५ वर उडी मारते, त्याच क्षणी खालची १.५ वर जाते, आणि कडा उभ्या व स्वच्छ असतात. टोकाचा रोध सुटला असेल तर कडेनंतर रेषा थरथरत राहते आणि परत २.५ वर यायला वेळ घेते. कॅन-लो बॉडीला लागली असेल तर खालची रेषा शून्यावर सपाट होते, तरी वरची उड्या मारत राहते, आणि नवल म्हणजे गाडी अशा स्थितीतही पुष्कळदा बोलत राहते. मग हाच दोष अधूनमधून दिवे लागण्याच्या रूपाने महिनोन्‌महिने छळतो. कॅन-हाय बॉडीला लागली तर मात्र सारे थांबते. दोन रेषांपैकी एकच अधूनमधून खचत असेल, तर हार्नेस हाताने हलवत पडद्यावर लक्ष ठेवावे. खचण्याची वेळ आणि हाताची जागा जुळली की दोष सापडला. हे काम दोघांनी केलेले बरे.

महागडा स्कोप लागत नाही. संगणकाला जोडायचा, दोन वाहिन्यांचा, २० मेगाहर्ट्‌झचा स्कोप ५०० किलोबिटच्या कॅनला पुरेसा आहे. निर्दोष गाड्यांची चित्रे जमवून ठेवण्याची सवय आतापासून लावावी, कारण चांगले कसे दिसते हे डोळ्यांत बसलेले नसेल तर वाईट ओळखता येत नाही.

प्रश्न : गाडीत बाहेरून नवीन म्युझिक सिस्टिम बसवली. तेव्हापासून दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवीन घातली तरी तेच. गॅरेजवाले म्हणतात, ‘नेटवर्क झोपत नाही’. असे खरेच असते का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : असते, आणि आपल्या गॅरेजने रोख बरोबर धरला आहे. गाडी कुलूपबंद केल्यावर युनिटे एकमेकांशी बोलणे थांबवतात आणि एकेक करून झोपतात. त्यानंतर बॅटरीतून जाणारा प्रवाह सर्वसाधारण गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. एक जरी घटक कॅनवर बोलत राहिला तरी बाकीचे जागे राहतात आणि प्रवाह काही अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमसोबत स्टिअरिंगवरील बटणे चालावीत म्हणून एक लहानशी कॅनची डबी देतात. ती त्या गाडीसाठी योग्य नसेल किंवा तिची इग्निशनची तार चुकून कायम चालू असलेल्या तारेला जोडली असेल, तर नेमके हेच होते.

तपासणी अशी करावी. बॉनेट उघडे ठेवून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबावे, गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास सोडावी, किल्ली लांब ठेवावी आणि बॅटरीच्या तारेवर डीसी क्लॅम्प मीटर लावून प्रवाह पाहावा. प्रवाह उतरत नसेल तर फ्यूज उपटून पाहण्याचा मोह टाळावा, कारण फ्यूज काढून परत घालताच झोपलेली युनिटेही जागी होतात. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर लावून फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमधील व्होल्टेज मोजावे. ज्या फ्यूजमधून प्रवाह जात आहे तेथे थोडे मिलिव्होल्ट दिसतात, बाकीच्यांवर शून्य. तो फ्यूज म्युझिक सिस्टिमचा निघाला, तर कॅनची डबी सोडवून तीच तपासणी पुन्हा करावी. डबीविना प्रवाह उतरला तर बसवणाऱ्याकडून तिची इग्निशनची तार योग्य जागी लावून घ्यावी किंवा गाडीच्या मॉडेलला जुळणारी डबी मागून घ्यावी. तोपर्यंत स्टिअरिंगवरील बटणे चालणार नाहीत, पण गाडी सकाळी सुरू होईल.